‘तरच’मधला ‘च’

आधीच सांगून टाकते. हा लेख ॲप्टिट्यूडमध्ये टॉप करणाऱ्या मुलीने लिहिलेला नाही. प्लेसमेंट सेलने घेतलेल्या मॉक टेस्टमध्ये लॉजिकल रीझनिंगला मला उणे दोन मार्क होते. दहा प्रश्न, बरोबरला तीन, चुकीला उणे एक. माझे दोन बरोबर आले आणि आठ चुकले, हिशेब करून बघा. पेपर कोरा दिला असता तर दोन मार्क जास्त पडले असते!

आणि खरोखर कोरा देणारी मुलगी माझ्याच खोलीत राहते. माझी रूममेट परभणीकडच्या एका खेड्यातली, दहावीपर्यंत जिल्हा परिषद आणि मग तालुक्याच्या मराठी शाळेत शिकलेली. गणितात माझ्यापेक्षा कितीतरी पुढे. पण रीझनिंगचा विभाग तिनं उघडलाच नाही. “एवढं लांबलचक इंग्लिश कोण वाचत बसणार?” म्हणून सोडून दिला. तिला शून्य. म्हणजे नोटीस बोर्डावरच्या यादीत ती माझ्या वर! मी केजीपासून कॉन्व्हेंटमध्ये, शाळेत मराठीत बोललं तर दंड भरलेली मुलगी, आणि इंग्लिशमध्ये लिहिलेल्या प्रश्नांत मी उणे. हसू नका.

यात हसण्यासारखं फारसं नव्हतंही. पुढच्या सत्रात खऱ्या कंपन्या येणार, आणि बऱ्याच ठिकाणी प्रत्येक विभागाचा वेगळा कट-ऑफ असतो. एक विभाग कोरा सोडला की बाकी कितीही मार्क असोत, बाहेर. रूममेटनं घरी सांगून ठेवलंय की पुढच्या वर्षी या दिवसांत माझा पगार सुरू झालेला असेल. तिला हे सोडून चालणारच नव्हतं. मला तरी कुठे चालणार होतं?

तर ज्या प्रश्नानं मला सगळ्यात जास्त छळलं तो आधी सांगते. कागद-पेन घ्या. सात उमेदवार आहेत: पी, क्यू, आर, एस, टी, यू आणि व्ही. त्यातून चौघांची टीम निवडायची आहे. अटी चार.

पहिली: पी इज सिलेक्टेड ओन्ली इफ क्यू इज सिलेक्टेड.
दुसरी: आर इज सिलेक्टेड अनलेस एस इज सिलेक्टेड.
तिसरी: इफ टी इज सिलेक्टेड, क्यू इज नॉट सिलेक्टेड.
चौथी: यू अँड व्ही कॅनॉट बी सिलेक्टेड टुगेदर.

प्रश्न: टीची निवड झाली असेल तर खालीलपैकी काय नक्की खरं आहे? पर्याय: (अ) पी निवडला जाईल. (ब) आर आणि एस दोघेही निवडले जातील. (क) यू निवडला जाईल. (ड) निश्चित काही सांगता येणार नाही.

पुढे वाचण्याआधी दोन मिनिटं स्वतः करून बघा. मी थांबते.

परीक्षेत मी असा विचार केला. टी आला, म्हणजे क्यू गेला. आर आणि एस यांच्यापैकी एकच येणार, कारण ‘अनलेस’ आहे. यू आणि व्ही यांच्यापैकीही फार तर एकच. म्हणजे टी, आर-एसपैकी एक, यू-व्हीपैकी एक. झाले तीन. चौथा कुठून आणायचा? उरला फक्त पी! म्हणून पी नक्की. पर्याय ‘अ’. मी इतक्या आत्मविश्वासानं गोल काळा केला की काय सांगू. एवढी सुंदर साखळी जमली होती. उत्तर चूक.

रात्री जेवणानंतर मी तो पेपर घेऊन बसले होते. रूममेट कपड्यांच्या घड्या घालत होती. म्हणाली, “कुणावर चिडायलीस एवढी?” मी तिला पेपर दाखवला. तिनं वाचला नाहीच. म्हणाली, “इंग्लिश नको वाचून दाखवू. काय म्हणलंय ते मराठीत सांग.”

मी पहिली अट सांगितली, “क्यू असेल तर पी असेल.”

“इथं ओन्ली लिहिलंय की. ते कुठं गेलं?”

“बरं, क्यू असेल तरच पी असेल.”

“मग आधी काय म्हणत होतीस? तर आणि तरच एकच आहे का?”

मला खरंच कळेना की तिला काय म्हणायचंय. माझ्या डोक्यात ‘इफ क्यू’ एवढंच पक्कं बसलं होतं. इंग्लिशमध्ये ‘ओन्ली’ हा वेगळा शब्द असतो, तो वाचताना सुटतो; आणि ‘इफ’ दिसला की हात आपोआप बाण मारून मोकळा होतो, क्यूकडून पीकडे. मग तिनं मेसचं उदाहरण दिलं. “मेसकार्ड असेल तरच ताट मिळतं. बरोबर? आता तुझ्याकडं कार्ड आहे. ताट मिळेलच का?”

“हो.”

“रविवारी रात्री?”

रविवारी रात्री आमची मेस बंद असते. कार्ड असून उपाशी.

“पण ज्या मुलीच्या पुढं ताट आहे, तिच्याकडं कार्ड असणारच. म्हणजे बाण ताटाकडनं कार्डाकडं जातो. तू उलटा काढलास.”

म्हणजे पी हे ताट आणि क्यू हे कार्ड. पी दिसला की क्यू हवाच. क्यू दिसला तर पीचं काहीही होवो. आणि क्यू नसेल? मग पी शक्यच नाही. टी आल्यामुळे क्यू गेलेला आहे, म्हणजे पी सगळ्यात आधी बाद व्हायला हवा होता. मी नेमका तोच नक्की म्हणून निवडला होता! चार पर्यायांत त्याहून जास्त चुकीचा पर्याय नव्हता.

इथे एक लाजिरवाणी गोष्ट कबूल करते. तिसऱ्या सेमिस्टरला आम्हाला डिस्क्रीट स्ट्रक्चर्स होतं. त्यात इम्प्लिकेशनचं ट्रूथ टेबल आहे: चार ओळी, त्यांतल्या तीन ट्रू आणि एकच फॉल्स. मी ते पाठ करून लिहिलं होतं आणि पूर्ण मार्क घेतले होते. पण ती एकुलती एक फॉल्स ओळ म्हणजे कार्ड नसताना ताट, हे कधी डोक्यात आलं नाही. विद्यापीठाच्या पेपरात बाण छापलेला असतो. इथे तो आपल्याला शोधावा लागतो.

तर पी गेला. आता माझी साखळी परत चालवली: टी, आर-एसपैकी एक, यू-व्हीपैकी एक. तीन झाले. चौथा कोण? पी नाही, क्यू नाही. कुणीच नाही. टीम होतच नाही! मी आनंदानं ओरडले, “प्रश्नच चुकलाय! मिसप्रिंट आहे. उद्या सेलमध्ये जाऊन मार्क मागायचे.” शेजारच्या खोलीतून भिंतीवर थाप पडली, साडेअकरा वाजून गेले होते.

रूममेट म्हणाली, “आर आणि एसमधला एकच येणार असं कुठं लिहिलंय?”

“अनलेस म्हणजे तेच ना.”

“मराठीत सांग.”

आणि इथे माझी पंचाईत झाली. अनलेसला डिक्शनरीत ‘जोपर्यंत नाही तोपर्यंत’, ‘खेरीज’, ‘वाचून’ असं काय काय दिलेलं असतं. त्यातला एकही शब्द मला या वाक्यात बसवता येईना. शेवटी तिनंच तोडगा काढला, “एस आला नाही तर आर येईल. एवढंच म्हणलंय ना?”

एवढंच. आणि एस आला तर? त्याबद्दल अट काही बोलतच नाही. आर येईल किंवा येणार नाही. दोघेही आले तर अट मोडत नाही. दोघेही आले नाहीत, तरच मोडते.

हे मला तेव्हा पटलं नाही. पटलं ते आमच्या विंगवर मागे घडलेल्या एका प्रकारामुळे. रेक्टर मॅडम गावाला गेल्या नाहीत तर रात्री हजेरी होते, हे हॉस्टेलमधलं शाश्वत सत्य. म्हणून एका शनिवारी मॅडम गावाला गेल्याचं कळल्याबरोबर आम्ही सहा जणी संध्याकाळच्या शोला गेलो. सव्वादहाला परत आलो तर गेटवर ऑफिसच्या मॅडम रजिस्टर घेऊन बसलेल्या. हजेरी झाली होती. सहाही घरी पत्रं गेली. मॅडम नसतील तर हजेरी होणार नाही, असं आम्हाला कुणीच कधी म्हटलं नव्हतं. आम्हीच ऐकलं होतं ते. रूममेटनं त्या शनिवारची आठवण करून दिली (ती आली नव्हती, तिचं सबमिशन होतं) आणि मी गप्प बसले.

आता बघा. आर आणि एस दोघेही येऊ शकतात. टी आला, म्हणून क्यू गेला. क्यू गेला, म्हणून पी गेला. उरले आर, एस, यू, व्ही, आणि टीबरोबर तिघे हवेत. यू आणि व्ही एकत्र चालत नाहीत, म्हणजे त्यांच्यातला जास्तीत जास्त एक. मग बाकीचे दोन आर आणि एसमधूनच भरावे लागतात. टीम टी-आर-एस-यू किंवा टी-आर-एस-व्ही. दोन्हींत आर आणि एस आहेत. उत्तर ‘ब’. यूचं नक्की नाही, कारण व्हीही चालतो. मिसप्रिंट वगैरे काही नव्हतं. उलट प्रश्न काढणाऱ्यानं हिशेबानं सापळे लावले होते. दोन्ही अटी चुकीच्या वाचल्या तर ‘अ’ हे छान उत्तर तयार ठेवलेलं. ‘ओन्ली इफ’ एकटाच उलटा वाचला तर किती तरी टीम जमतात आणि ‘ड’ बरोबर वाटतं. माझ्यासारख्यांची त्यानं पूर्ण व्यवस्था केली होती!

त्या रात्रीपासून आम्ही एक पद्धत धरली. अट वाचली की ‘काय होईल’ असं विचारायचं नाही, ‘काय चालणार नाही’ असं विचारायचं. वरच्या चार अटी मग अशा होतात: पी आहे पण क्यू नाही, हे चालणार नाही. आर आणि एस दोघेही नाहीत, हे चालणार नाही. टी आणि क्यू दोघेही आहेत, हे चालणार नाही. यू आणि व्ही दोघेही आहेत, हे चालणार नाही. बस्स. कच्च्या कामाच्या जागेत चार छोट्या जोड्या लिहून त्यांवर फुली मारायची. इफ, ओन्ली इफ, अनलेस सगळे गळून पडतात. याला अर्धं मिनिट लागतं, आणि सुरुवातीला ते अर्धं मिनिट फुकट गेल्यासारखं वाटतं. मला अजूनही वाटतं. पण मग प्रश्नाकडे परत परत जावं लागत नाही.

हा गोंधळ आपलाच नाही, याचा थोडा दिलासा वाचताना मिळाला. पीटर वेसन नावाच्या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञानं १९६६ मध्ये चार कार्डांचं एक कोडं मांडलं. टेबलावर चार कार्डं: ई, के, ४ आणि ७. प्रत्येकाच्या एका बाजूला अक्षर, दुसऱ्या बाजूला अंक. नियम असा की एका बाजूला स्वर असेल तर दुसऱ्या बाजूला सम अंक असतो. नियम खरा की खोटा हे तपासायला कोणती कार्डं उलटायलाच हवीत? आम्ही जुन्या जर्नलच्या पुठ्ठ्याची कार्डं करून विंगवर फिरवली. बहुतेक जणींनी सांगितलं, ई आणि ४. बरोबर उत्तर ई आणि ७. ४ च्या मागे काहीही निघालं तरी नियम मोडत नाही. सम अंकामागे स्वरच हवा असं कुणी म्हटलंय? पण ७ च्या मागे स्वर निघाला तर नियम खलास. ‘काय चालणार नाही’ असं विचारलं की ७ लगेच दिसतो. वेसनच्या प्रयोगांत दहा टक्के लोकांनाही हे जमलं नव्हतं, आणि त्यात कॉलेजचे विद्यार्थी होते. म्हणजे आमची विंग अगदीच ढ नाही.

पुढे १९८२ मध्ये ग्रिग्ज आणि कॉक्स या दोघांनी फ्लोरिडात तेच कोडं वेगळ्या कपड्यांत विचारलं. बिअर पीत असेल तर वय एकोणीसच्या वर हवं, असा नियम. कार्डांवर: बिअर, कोक, २२ वर्षं, १६ वर्षं. तुम्ही तपासनीस आहात, कुणाकुणाला तपासाल? या वेळी विद्यार्थ्यांपैकी जवळजवळ पाऊण जणांनी बरोबर सांगितलं: बिअर पिणारा आणि सोळा वर्षांचा. कोक पिणाऱ्याला आणि बावीस वर्षांच्याला कोण कशाला विचारेल? कोडं तेच, बाण तोच. फरक एवढाच, की इथे पकडायचा कुणाला हे आपल्याला माहीत असतं. माझ्या मते रूममेटचं मेसकार्ड अगदी याच जातीचं आहे, आणि तिनं ग्रिग्जचं नावही ऐकलेलं नव्हतं.

आता कुणी म्हणेल, म्हणजे मराठीत सगळं सोपं आहे, इंग्लिशच वाईट. तसं काही नाही हं. मराठीतला ‘च’ चिकटून बसतो, सुटत नाही, हे खरं. पण घरात आपण ‘तर’ आणि ‘तरच’ वाटेल तसे वापरतो. आई म्हणते, “अभ्यास केलास तर टीव्ही लावीन.” आपण ऐकतो, नाही केला तर नाही लावणार. ऐकतो ते बरोबरच असतं, कारण आईला तेच म्हणायचं असतं. तिनं ‘तरच’ म्हटलं तरी अभ्यास झाल्यावर टीव्ही लागणार असं आपण धरूनच चालतो, नाही लागला तर रडतो. म्हटलेलं एक आणि ऐकलेलं दोन. गाइस आणि झ्विकी या भाषाशास्त्रज्ञांनी १९७१ मध्ये यावर लेखही लिहिलाय, इंग्लिशवरच. म्हणजे त्यांच्याही आया अशाच बोलत असणार.

माझी रूममेटही यात पडली. तिसऱ्या अटीवरून, टी असेल तर क्यू नाही, तिनं परस्पर ठरवून टाकलं होतं की टी नसेल तर क्यू असणार. मी पकडलं तेव्हा मला किती आनंद झाला ते लिहीत नाही. पण नशीब बघा, या प्रश्नात तिच्या चुकीनं काहीच बिघडत नाही. टी आणि क्यू दोघेही नसतील तर पीही जातो, आणि मग चौघे भरतच नाहीत. म्हणजे चूक करूनही हिचं उत्तर बरोबर. मी दोन चुका केल्या तर उणे, हिनं एक केली तर पूर्ण मार्क. याला काय म्हणायचं?

हे प्रश्न जुने झाले, असंही एक सीनियर म्हणाला. जीआरईमधून ॲनालिटिकलचा असा विभाग २००२ मध्येच गेला, आणि अमेरिकेतल्या लॉ कॉलेजांच्या एलसॅट परीक्षेतून लॉजिक गेम्स ऑगस्ट २०२४ मध्ये गेले. खरं आहे. पण कॅटमध्ये लॉजिकल रीझनिंग आहे, गेटमध्ये जनरल ॲप्टिट्यूडचे पंधरा मार्क आहेत, आणि कॅम्पसला तर विचारूच नका. त्यामुळे तूर्त आमची सुटका नाही.

सध्या रोज रात्री जेवणानंतर एक सेट, असा आमचा नेम आहे. मी इंग्लिश मोठ्यानं वाचते, ती मराठीत सांगते, आणि फुल्या दोघी आपापल्या कागदावर मारतो. गेल्या आठवड्यात उलटं केलं. तिनं वाचलं, मी सांगितलं. ती अडखळली तीन ठिकाणी, मी सात. दुसऱ्या मॉकला तिनं विभाग उघडला. दहापैकी सहा प्रश्न सोडवले, चार बरोबर, दोन चूक. चार सोडले. दहा मार्क. माझेही दहाच आले, पण मला त्यासाठी दहाही प्रश्न सोडवावे लागले, पाच बरोबर आणि पाच चूक. कोणता सोडायचा हे मला अजून कळत नाही.

जाता जाता त्याच सेटमधला पुढचा प्रश्न देते. वरच्या चार अटी पाळून एकूण किती वेगवेगळ्या टीम होऊ शकतात? टी असेलच असं नाही. आधी स्वतः करा, मग पुढची ओळ वाचा.

उत्तर नऊ. चार आले असतील तर तुम्ही आर आणि एसला एकत्र बसू दिलं नाहीत. चौदा आले तर ओन्ली इफचा बाण उलटा गेला. आठ आले तर दोन्ही चुका केल्यात, माझ्या पंगतीत या. आणि सात आले असतील तर तुम्ही ‘तरच’ला ‘जर आणि तरच’ वाचलंत, कार्ड आहे म्हणजे ताट मिळणारच असं धरलंत. याहून वेगळाच आकडा आला असेल तर कागद घेऊन आमच्या खोलीवर या. साडेनऊच्या आत. रेक्टर मॅडम गावाला गेल्या असल्या तरी.